अननस वाढला

तुझा प्रश्न तुझ्या आईने फोनवर वाचून दाखवला. मे महिन्याची तिकिटं काढून झाली, तुझ्या धाकट्या भावाने बॅगेत आधीच बॅट भरून ठेवली, आणि तुला मात्र एकच काळजी: ‘आम्ही आजीकडे गेल्यावर आमच्या झाडांना पाणी कोण घालणार?’ तुझी आई म्हणते, तिकडे काचेचे फुगे मिळतात. पाणी भरून कुंडीत उलटे खोचायचे, की झाड लागेल तसं पीत राहतं. मिळत असतील. रत्नागिरीत आमच्या इमारतीत असले फुगे कुणी आणले नाहीत. आम्हाला गरज पडली नाही. आमच्या तळमजल्यावर अप्पा राहत होते.

तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलं आहे, पण तेव्हा तुम्ही लहान होता. तू लावलेला अननस वर्षानुवर्षं ज्यांच्या जिवावर तगला ते हे अप्पा. त्या अननसाची फोड तू अजून चाखलेली नाहीस, आणि यंदा तरी तुला ती मिळते की नाही हा प्रश्न आहे. म्हणून तुम्ही यायच्या आधीच सगळं लिहून ठेवते. त्यांचं खरं नाव मात्र लिहीत नाही. माणसाच्या मागे त्याचं नाव घेतलं की त्याला उचकी लागते, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि या वयात त्यांना मी उचक्या लावू इच्छित नाही.

उचकी झाडांनाही लागते, हा त्यांचा पुढचा सिद्धांत. मी पुण्याहून परत आले की जिन्यातच विचारायचे, “वहिनी, परवा दुपारी बिगोनियाची आठवण काढलीत काय?”

“नाही बुवा. का?”

“वारा नसताना पान हललं. दोनदा. मी पाणी दिलं तेव्हा थांबलं.”

परवा दुपारी आपण काय करत होतो ते मी आठवू लागायची. हेच त्यांचं कसब होतं. त्यांचं म्हणणं वेडगळ आहे हे कळत असूनही माणूस उत्तर शोधू लागे.

अप्पा मूळचे पूर्णगडचे. सारा जन्म मालवाहू बोटींवर कुक म्हणून गेला. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, “जो सहा-सहा महिने पाण्यावर असतो त्याने घरात कुंडीसुद्धा ठेवू नये. बायको कुठली?” निवृत्त झाल्यावर त्यांनी तळमजल्यावरचा ब्लॉक घेतला आणि स्वतःची एक तुळस सोडून दुसरं झाड लावलं नाही. आमच्या इमारतीत प्रत्येकाचं कुणी ना कुणी मुंबई, पुणे किंवा परदेशात, त्यामुळे सदान्‌कदा कुणीतरी गावाला गेलेलं असे. त्यांच्या कुंड्या अप्पांकडे येत.

‘येत’ हे शब्दशः. वर जाऊन पाणी घालणं त्यांना मंजूर नव्हतं. “झाडाला त्याच्याच घरात एकटं ठेवलं की ते दाराकडे बघत बसतं,” ते म्हणत. “मुळं पाणी घेत नाय मग. लक्ष सगळं दाराकडे.” म्हणून गावाला जाणाऱ्याने आपल्या कुंड्या लिफ्टने खाली आणायच्या. अप्पांच्या हॉलमध्ये सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. समोरासमोर दोन ओळींत कुंड्या मांडलेल्या, प्रत्येक कुंडीखाली केळीच्या पानाचा तुकडा, आणि मधून चालायला वाट. लग्नातली पंगत असते ना, तशी. सकाळी अप्पा खांद्यावर पंचा टाकून, हातात पितळी जग घेऊन त्या वाटेने फिरत.

मी एकदा म्हटलं, “पाणी घालून झालं की जरा वर या, चहा ठेवते.”

“पाणी घालतात म्हशीसमोर,” अप्पा म्हणाले. “झाडांना पाणी वाढतात.”

आणि ते खरोखरच वाढत. जास्वंदीपाशी जरा वाकून, “घ्या हो थोडं, लाजू नका.” मनीप्लांटला, “तुला विचारत नाय, तू कधी पुरे म्हणणार नाय.” निवडुंगापाशी मात्र ते रेंगाळत. “हा नको म्हणतो, पण मनात असतं. अशाला आग्रह करायचा नाय, नुसतं जवळ उभं राहायचं.” आणि उभे राहत. तुळशीला पंक्तीत जागा नव्हती. ती घरची. ती सगळ्यांचं झाल्यावर.

मी सगळं मापून करणारी बाई, हे तुमची आई तुम्हाला सांगतेच. पहिल्यांदा कुंड्या सोपवताना मी मापाचा कप घेऊन गेले आणि कोणाला किती ते सांगू लागले. अप्पांनी कप हातात घेतला, उलटा करून तळ पाहिला.

“वहिनी, तुमच्याकडे पाहुणे जेवायला येतात तेव्हा भात मापून वाढता काय?”

मी खरं ते सांगितलं. “हो.”

त्यांनी कप माझ्या हातात परत ठेवला. मग म्हणाले, “आणि परत येतात?”

त्यांच्या घरात बोलण्याचेही नियम होते. ‘मी जाते’ म्हणून निघालं की ते दार लावून घेत आणि लगेच पुन्हा उघडत. “परत म्हणा.” मग ‘येते’ म्हणायचं. हे सगळ्या महाराष्ट्रात म्हणतात, त्यात विशेष काही नाही. पण अप्पा ते प्रत्येक कुंडीला वेगळं म्हणायला लावत. मी ज्या टॅक्सीने स्टेशनला जायची तिचा ड्रायव्हर मला ठरल्या वेळेच्या आधीच घ्यायला येई. “कुंड्यांचं व्हायचं असेल अजून,” म्हणून तो गाडी बंद करून बसे.

माझी पंचाईत अशी की माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. पुढे मी इंग्रजीच शिकवलं. मराठी मी सासूबाईंकडून आणि भाजीवाल्यांकडून शिकले, आणि दोघांनाही सगळं शिकवायला वेळ नव्हता. एकदा पुण्याला एका लग्नाला घाईने निघाले. कुंड्या आदल्या दिवशीच खाली गेल्या होत्या. निरोप घ्यायचा राहिला म्हणून मी टॅक्सीतून अप्पांना फोन केला आणि म्हटलं, “माझ्या झाडांवर पाणी सोडा हं.”

“सगळ्यांवर?”

“सगळ्यांवर. एकही शिल्लक ठेवू नका.”

“मनापासून म्हणताय ना, वहिनी?”

“अगदी मनापासून.”

बागेत पाणी सोडतात, नळाला पाणी सोडतात, मग झाडांवर का नाही? पण मराठीत एखाद्या गोष्टीवर पाणी सोडलं म्हणजे तिच्यावरचा हक्क सोडला. दान देताना हातावरून पाणी सोडतात, त्यावरून. मी परत आले तेव्हा अप्पांच्या हॉलमध्ये माझं एकही झाड नव्हतं. त्यांनी प्रत्येक कुंडीवर ओंजळभर पाणी सोडून ती इमारतीत कुणाकुणाला देऊन टाकली होती.

“मलापण नवल वाटलं,” ते म्हणाले. “म्हटलं, वहिनींना एकदम वैराग्य कसं आलं? पण माणसाचं मन मोठं होत असेल तर आपण आडवं का पडावं?”

दिलेलं दान परत मागता येत नाही. मग अप्पांनीच तोड काढली: ज्यांना झाडं मिळाली त्यांनी ती मला दान द्यावीत. रविवारी सकाळी एकेक शेजारी माझ्या दारात कुंडी घेऊन आला, माझ्या तळहातावर पळीभर पाणी सोडलं आणि माझंच झाड मला देऊन गेला. तुझे आजोबा आत पेपर वाचत होते. प्रत्येक वेळी त्यांचा पेपर हलायचा. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तेवढ्या आल्या नाहीत. बिगोनिया त्यांच्याकडे गेला होता. त्या म्हणाल्या, “मला अजून वैराग्य आलेलं नाही.” तो बिगोनिया आजही त्यांच्या दाराबाहेर आहे. जाता-येता आम्ही एकमेकांना ओळख देतो.

तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदाच एवढे लांब निघालो. प्रवास मोठा म्हणून अप्पांनी नुसत्या ‘येते’वर भागवलं नाही. त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आपल्याकडे गावात काही मोठं काम असलं की देवापुढे उभं राहून त्याला सगळी हकिगत सांगतात, मागणं मागतात आणि बाकीचे दर वाक्याला होकार देतात. अप्पांनी देवाच्या जागी पंगत धरली. हातात नारळ घेतला, डोळे मिटले.

“बा म्हाराजा, ही वरच्या मजल्यावरची बाई आज परदेशी जाते आहे. नाय, चुकलं. येते आहे. लेकीच्या बाळंतपणासाठी म्हणून ही सगळी पोरं तिने माझ्या पदरात घातली. तर ही नाय म्हणून कुणी हिरमुसायचं नाय, कुणी पिवळं पडायचं नाय. कुणाची कीड असेल, कुणाची नजर असेल, ती वाटेवरची वाटेला लाव. हिचं विमान वर नेशील तसं खाली आण. लेकीची सुखरूप सुटका कर. आणि हिला परत हिच्या कुंड्यांपाशी आणून उभी कर रे म्हाराजा.”

मग अप्पांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

“येस,” मी म्हटलं. गडबडले की माझ्या तोंडून तेच येतं.

“व्हय म्हाराजा,” माझ्यामागून खणखणीत आवाज आला. तुझे आजोबा दोन्ही हातांत बॅगा घेऊन उभे होते. ते लांज्याचे. त्यांना हे येत होतं.

मी मागे ठेवलेल्यांत माझा सर्वांत लाडका होता तो फर्न. मी त्याला हॉलच्या कोपऱ्यात, खिडकीपासून ठरावीक अंतरावर वाढवला होता. तू जन्मलीस आणि दोन दिवसांनी मी अप्पांना फोन केला.

“अप्पा, मुलगी झाली.”

“वा. पंगतीला सांगतो.” मग जरा आवाज खाली. “इकडे पण एक बातमी आहे, वहिनी. तुमचा फर्न वाढला.”

“खरंच? किती वाढला?”

“किती म्हणजे? पूर्ण वाढला.”

“कधी?”

“काल पहाटे. मी जवळच होतो.”

मला भरून आलं. कुणाच्या झाडाची इतकी काळजी कोण घेतं? “तुम्हाला फार त्रास झाला असेल.”

“मला कसला? त्यालापण नाय झाला. शांतपणे वाढला.”

“म्हणजे आता मोठी कुंडी बघायला हवी.”

“कुंडी कशाला वो आता? मागच्या माडाच्या मुळात ठेवलाय त्याला.”

“जमिनीत लावलात? फारच छान केलंत.”

“लावला...” अप्पा अडखळले. “हां. तसंच म्हणा.”

मी फोन ठेवला आणि तुझा पायगुण किती चांगला आहे ते सगळ्यांना सांगितलं. नर्सलाही सांगितलं. परत आल्यावर पहिल्यांदा फर्न बघायला मागे गेले. अप्पा माझ्याबरोबर आले, माडापाशी थांबले आणि त्यांनी पायांतल्या चपला काढल्या. तिथे ओल्या पाल्यावर थोडा काळपट भुगा होता.

“अप्पा, हा मेला आहे.”

“हळू,” ते खिडकीकडे बघत म्हणाले. “आत पंगत बसलीय. असले शब्द झाडांपुढे काढायचे नाय. वहिनी, आपण नारळ फोडतो काय? वाढवतो. बांगडी फुटते काय? वाढते. दुकानदार रात्री दुकान बंद करतो काय? वाढवतो. मग त्या फर्नने काय घोडं मारलं?”

“पण कशाने?”

अप्पांनी मान खाली घातली. पंगतीतल्या सगळ्या झाडांना ते एकादशीचा उपास धरायला लावत, त्या दिवशी पाणी नाही. “तो उपासाचा नव्हता,” ते म्हणाले. “मला उशिरा कळलं.”

त्यानंतर त्यांनी झाडांचे उपास बंद केले आणि फर्नच्या वाटची एकादशी स्वतः धरू लागले. मीही एक शिकले: अप्पांच्या तोंडून ‘वाढला’ आलं की काळजात धस्स व्हायचं.

आता तुझा अननस. तू पाच वर्षांची होतीस. इथल्या अननसाची फोड खाल्लीस, आणि कापलेला तुरा मी टाकायला निघाले तर तू तो माझ्या हातातून घेतलास. “मी याचं झाड करणार.” हाताला काटे लागले तरी कुंडीत तूच खोचलास. निघताना तू करंगळी पुढे केलीस: मी येईपर्यंत याचा अननस कुणी खायचा नाही. करंगळीची शपथ काय असते ते मला माहीत नव्हतं. अप्पा दारात उभे होते, त्यांनी मला खूण केली, मी करंगळी दिली. मग त्यांनीही दिली. “पोरीची ठेव आहे,” ते म्हणाले, आणि पुढे कायम त्याला तेच नाव पडलं. फोनवर तू आधी अननसाची चौकशी करायचीस, मग माझी.

तुमचं येणं लांबत गेलं. अननस गॅलरीत बसून राहिला, नुसती पानं, फळाचं नाव नाही. मधे तुझे आजोबा गेले. त्या दिवशी अप्पा वर आले, माझ्याशी काही बोलले नाहीत. गॅलरीत जाऊन कुंड्यांशी हळू आवाजात काही बोलले आणि खाली गेले. काय सांगितलंत, असं मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यानंतर तुमच्या आईने मला महिनोन्‌महिने राहायला म्हणून बोलावून घेतलं, ते तुम्हाला आठवतं.

कुंड्या खाली गेल्या. अननस काटेरी म्हणून पंगतीत टोकाला, गॅलरीच्या दारापाशी बसला. गाऱ्हाणं झालं. या वेळी ‘व्हय म्हाराजा’ मी म्हटलं.

तुमच्याकडून मी दर रविवारी अप्पांना फोन करायची. सगळ्यांची खुशाली ते सविस्तर सांगत, पण अननसाचं नाव काढलं की तुटक होत.

“अननस कसा आहे?”

“आहे.”

“आहे म्हणजे?”

“वहिनी, त्याच्याबद्दल आता बोलायचं नाय. पुढे बघू.”

मी डॉक्टरांच्या तोंडून असं ऐकलेलं होतं. तुला काही बोलले नाही. तू विचारलंस की ‘आहे’ म्हणायची, अप्पांसारखंच.

आणि मग एका रविवारी त्यांचाच फोन आला. मागे पुष्कळ माणसांचा आवाज, भांड्यांचा आवाज. अप्पा म्हणाले, “वहिनी, अननस वाढला.”

इमारत भेटायला जमली आहे, असं मी समजले. मला पुढे ऐकवेना. “बरं,” म्हटलं आणि फोन ठेवला.

ते दोन दिवस मी तुमच्या घरात काय केलं विचारू नका. दुकानात जाऊन एक अननस हातात धरून उभी राहिले आणि परत ठेवला. तुला ‘मेला’ म्हणायचं कसं? पाच वर्षांच्या मुलीने खोचलेला तुरा, नऊ वर्षांची होईपर्यंत तिने रोज विचारलेला. शेवटी मंगळवारी तू दहीभात खात होतीस, तेव्हा मी समोर बसले आणि अप्पांचाच शब्द उसना घेतला.

“बाळा, एक सांगायचं आहे. अननस वाढला.”

तुझं मराठी स्वयंपाकघरातलं. वाढ, पुरे, आणखी, गरम आहे. तू चमचा तोंडाशी थांबवलास आणि विचारलंस, “कुणाला?”

“कुणाला नाही गं, वाढला म्हणजे...” मी म्हणाले, आणि थांबले.

मी आयुष्यभर व्याकरण शिकवलं. इंग्रजी असेना का. त्या दोन शब्दांच्या वाक्यात अननस कर्ता आहे असं मी धरून चालले होते. त्याने काहीतरी केलं: उंच झाला किंवा संपला. तू त्याला कर्म केलंस. कुणीतरी तो कुणालातरी वाढला. मी तिथूनच फोन लावला. आपल्याकडे तेव्हा काय वाजले होते ते बघितलंही नाही, आणि असं मी कधी करत नाही.

“अप्पा, अननस वाढला म्हणजे काय?”

“वाढला म्हणजे वाढला.”

“कुणाला?”

“सगळ्यांना,” अप्पा म्हणाले. “तुम्ही परवा फोन का ठेवलात? मी सांगत होतो ना.”

मी गेल्यावर थोड्याच दिवसांत अननसाच्या पोटात लाल तुरा दिसू लागला होता. अप्पांनी कुणालाच कळू दिलं नाही. “पहिली खेप,” ते म्हणाले. “तीन महिने होईपर्यंत बाहेर बोलू नये. दृष्ट लागते. बोटीवर मला घरचं काय कळायचं नाय, पण एवढं माहीत आहे.” तीन महिने झाल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, आणि त्यांनी सगळ्या बायकांना जमवून कुंडीचं डोहाळजेवण केलं. पानांना हिरव्या बांगड्या घातल्या. त्यांतली एक काट्याला अडकून वाढली, तेव्हा अप्पांना चांगलं लक्षण वाटेना.

“तेव्हा तरी मला सांगायचं.”

“सांगणार होतो. पिकेपर्यंत थांबूया म्हटलं. पिकला तर वास सुटला, आणि गॅलरीत माकडं आली. आधी एक आलं. बघून गेलं. दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन आलं.” अप्पांनी श्वास घेतला. “पोरीची ठेव माकडांच्या हातात द्यायची काय, वहिनी? रात्रभर बसलो काठी घेऊन. सकाळी कापला.”

मग पंगत बसली. कुंड्या भिंतीला सरकवल्या आणि त्यांच्या जागी माणसं बसली, इमारतीतली यच्चयावत. बोटीवर भल्याभल्या कप्तानांना वाढलेल्या माणसाने प्रत्येकाच्या पानावर अननसाची एकेक फोड वाढली. गाऱ्हाणं त्याआधी झालं होतं.

“एक पान पोरीचं मांडलं होतं,” अप्पा म्हणाले. “तिची फोड वाढली. तिची वाट बघितली.”

“अप्पा, ती इथे आहे. सात समुद्रांपलीकडे.”

“म्हणून तर थोडी जास्त बघितली.”

“आणि मग?”

“वाढपी शेवटी जेवतो. ती फोड मी खाल्ली. तिच्या वतीने नावं ठेवायला बसलो, पण जागा सापडली नाय.”

तू माझ्या शेजारी उभी राहून सगळं ऐकत होतीस. तू करंगळी वर केलीस आणि फोनसमोर धरलीस, जणू त्यांना दिसत होती. मी म्हटलं, “अप्पा, ती विचारते आहे, शपथेचं काय? आपण दोघांनी मोडली.”

“छे,” अप्पा म्हणाले. “तिला सांगा, तुरा त्याच कुंडीत परत खोचलाय. मुळं धरील. शपथ मोडली नाय, वाढली.”

त्या दिवशी तू माझ्याशी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी तू एक चित्र काढलंस: लांबलचक टेबल, त्यावर माकडं जेवायला बसलेली आणि कोपऱ्यात खांद्यावर टॉवेल घेतलेला एक माणूस. ते मी परत येताना आणलं. अप्पांनी ते बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “पंचा बरोबर काढलाय.”

गेल्या वर्षी अप्पा पूर्णगडला पुतण्याकडे राहायला गेले. गुडघ्यांमुळे जग उचलून चालवेना. जाण्याआधी ते प्रत्येक मजल्यावर चढले आणि घराघरात जाऊन कुंड्यांना ‘येतो’ म्हणाले. माझ्याकडे आले, गॅलरीत वाकून एकेकीचं केलं, अननसाचं जरा जास्त वेळ केलं, आणि निघाले.

“आणि मला?” मी विचारलं.

“तुम्हाला कशाला, वहिनी? तुम्ही काय दाराकडे बघत बसणार आहात?”

“नाही,” मी म्हटलं.

आता गावाला जाणाऱ्यांच्या कुंड्या माझ्याकडे येतात. मी सोफा बेडरूममध्ये हलवला. पाणी मी मापाच्या कपानेच देते. माझा हात आता बदलणार नाही. पण दोनदा विचारते. आग्रहही मी मापून करते.

आणि हे आता सांगायला हरकत नाही, कारण तीन महिने होऊन गेले: तुझ्या कुंडीत फळ धरलं आहे. हिरवं आहे, मुठीपेक्षा मोठं. तुम्ही याल त्या सुमाराला पिकेल, थोडं आधी किंवा थोडं नंतर. मी अप्पांना फोनवर विचारलं, काय करू? ते म्हणाले, “तुम्ही वाट बघा. पण माकड वाट बघत नाय, हे तिला कळवा.” काल एक येऊन कठड्यावरून बघून गेलं. अजून एकटंच आहे. आधी पिकला तर मला तो वाढावा लागेल. तुझं पान मांडलेलं असेल, आणि या वेळी वाढपी मी आहे, हे लक्षात असू दे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. फुगे आणू नका. शेजारच्या बाईंची आणि तुमची अजून ओळख नाही, असं तुझी आई म्हणाली. मग कुंड्या घेऊन त्यांच्या दारात जा, म्हणजे होईल. त्यांच्याकडे पोचल्यावर प्रत्येक झाडाला ‘येते’ म्हण. ती तिकडची झाडं आहेत, त्यांना मराठी कुठून कळणार, असं तुझा भाऊ म्हणेल. अप्पा म्हणत, झाडाला भाषा कळत नाही, पण माणूस काय म्हणून निघाला ते कळतं.

विमानतळावरून मला फोन करायची गरज नाही. वारा नसताना अननसाचं पान हललं की मी समजेन, आणि विळी धुवून ठेवीन.